अकरा ठिकाणी मेळ नाही

महिना संपायला पाच दिवस होते आणि ऑफिसच्या भिंतीवरच्या पडद्यावर सगळ्यांच्या मेळाचे टक्के लागले होते. सगळ्यात वर मी, शहाण्णव. सगळ्यात खाली माझी सख्खी आत्या, एकसष्ट. आणि लोक टाळ्या वाजवत होते, माझ्यासाठी! आजही आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते. त्या टाळ्यांत आत्याचीही टाळी होती, हे तर आणखीच.

मी रागीट आहे हे आधीच सांगते, म्हणजे मागाहून कुणी बोलायला नको. घरात मला ठिणगी म्हणतात आणि ते नाव आत्यानेच ठेवलंय. तेव्हा हे सगळं मी थंड डोक्याने सांगेन अशी आशा ठेवू नका. खोटं मात्र एक अक्षर सांगणार नाही, माझ्याविरुद्ध जाणारंसुद्धा झाकणार नाही.

आत्या अठ्ठावीस वर्षं बसस्थानकावर चौकशीच्या खिडकीत होती. काचेला गोल भोक, त्यामागे आत्या, तिच्यापुढे वेळापत्रकाची जाडजूड वही आणि कानाला लावलेली पेन्सिल. लहानपणी शाळा सुटली की मी तिच्या मागच्या स्टुलावर जाऊन बसायची. लोक यायचे आणि विचारायचे, "सातची गाडी आहे का?" दुसरा कुणी असता तर "आहे" म्हणून मोकळा झाला असता, कारण सातची गाडी होतीच. आत्या म्हणायची, "तुम्हाला उतरायचंय कुठे?" माणूस चिडायचा. गाडी आहे की नाही तेवढं सांगा ना बाई, नसत्या चौकश्या कशाला! मग कळायचं की त्याला जायचंय इस्पितळाकडे, आणि सातची गाडी तिथे थांबतच नाही, पुलावरून सरळ जाते. सव्वासातची थांबते. आत्या मला म्हणायची, "काय आहे ते फळ्यावर लिहिलेलं असतं, ठिणगे. काय नाही ते सांगायला माणूस लागतो."

पुढे ती खिडकी बंद केली आणि तिथे बोट लावायचा पडदा बसवला. तो पडदा सातची गाडी आहे का विचारलं की "आहे" म्हणतो. झालं, आत्या घरी बसली. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, एकटी. पहिला महिना तिने कपाटं लावली, दुसरा महिना लावलेली कपाटं पुन्हा लावली. त्यानंतर मी जायची तेव्हा दुपारी बारालाही तिचे केस विंचरलेले नसायचे. जी बाई सकाळी पावणेसातला कडक इस्त्रीच्या कपड्यांत निघायची, ती! एकदा मी विचारलं, "आत्या, बरं नाही का?" तर म्हणाली, "बरं आहे गं. पण मला दिवसभर कुणी काही विचारतच नाही." एवढंच म्हणाली आणि चहा ठेवायला उठली. आठ महिने ती अशी होती.

म्हणून मी तिला आमच्या ऑफिसात आणलं. मीच आणलं, हेही लिहून ठेवा.

आमचं काम काय ते सांगते, समजायला अगदी सोपं आहे. जगात भाकिताचे बाजार असतात. अमुक गोष्ट होईल की नाही यावर लोक तिथे पैसे लावतात. "होईल" याचा भाव बासष्ट चालला असेल, तर लोकांच्या मते ती व्हायची शक्यता बासष्ट टक्के. असे हजारो प्रश्न, हजारो भाव. ते शोधायला हल्ली माणूस बसत नाही, एआयचा एजंट बसतो, म्हणजे तुमच्या वतीने शोधाशोध करणारा संगणकातला गडी. त्या गड्याच्या हाताशी टूल असतात: एक शोधणारं, एक भाव आणणारं, एक तारखा बघणारं. पण गंमत अशी की त्याला टूल आतून दिसत नाही. त्याला दिसतं फक्त टूलचं वर्णन, चारपाच ओळींचं. हे काय करतं, कधी वापरावं, कसं विचारावं. त्यावरून तो ठरवतो कुठलं उचलायचं, आणि जे हाती येईल ते तुम्हाला छातीठोकपणे सांगतो. वर्णन धड नसलं की गडी चुकला, आणि तो चुकला हे त्यालाही कळत नाही न् तुम्हालाही.

ती वर्णनं वाचून पाचापैकी मार्क देणं हे आमचं काम. शोधाच्या टूलांची वर्णनं वाचणाऱ्या आम्ही दोघीच, आत्या आणि मी. एकच वर्णन दोघींकडे स्वतंत्रपणे यायचं. दोघींच्या मार्कांत एकाहून जास्त फरक पडला की ते आमच्या साहेबांकडे जायचं, ते मार्क देतील ते शेवटचे. आणि ज्या बाईचे मार्क साहेबांच्या मार्कांपासून लांब, तिचा मेळ घसरायचा. मेळ म्हणजे तुमचे मार्क इतरांशी किती जुळतात त्याची टक्केवारी. सलग दोन महिने सत्तरच्या खाली गेलात तर नमस्कार.

आता बघा हं. मार्क बरोबर आहेत का, हे मोजणारं त्या अख्ख्या ऑफिसात काहीही नव्हतं. जुळतात का, एवढंच मोजायचे! मग माणसं काय करणार? दुसरा काय देईल ते ओळखायचं आणि तेच द्यायचं. सगळ्यांना ठाऊक होतं की दुसरा चार देतो. पाच दिले तर लोक म्हणतील खुशामत, तीन दिले तर कारण लिहावं लागतं. चार! डोळे मिटून चार! दिवसाला चाळीस वर्णनं संपवायची, संध्याकाळी पिशवी उचलून घरी. मी याच्यात पटाईत होते. शहाण्णव उगाच नाही आले.

आमच्या साहेबांचं नाव आम्ही सरासरी ठेवलं होतं, कारण काहीही झालं की ते "सरासरी काय म्हणते?" विचारायचे. माणूस वाईट नाही. कुणावर आवाज चढवायचा नाही, वाढदिवसाला स्वतः केक कापून सगळ्यांना वाटायचा. अशीच माणसं जास्त घात करतात असं माझं आता मत झालंय.

आत्या पहिल्या दिवशी आली ती केस विंचरून, कानाला पेन्सिल लावून. आठवड्याभरात अख्खं ऑफिस तिला आत्या म्हणायला लागलं. ती दिवसाला बारा वर्णनं करायची. बारा! कारण ती प्रत्येक टूल चालवून बघायची. चाचणीचं पान सगळ्यांच्याच संगणकावर होतं, ते उघडायला कुणाची बंदी नव्हती. ते फक्त कुणी उघडत नव्हतं. आत्या वर्णन वाचायची, मग तिथे जाऊन खरोखरचा प्रश्न विचारायची, आलेलं उत्तर वहीत उतरवायची आणि मग ते आलं कुठून ते खणत बसायची.

त्यातलं एक सांगते, म्हणजे तुमच्या लक्षात येईल. एका शोधाच्या टूलचं वर्णन होतं, "कोणत्याही घटनेशी जुळणारे बाजार शोधून त्यांतला भाव देतं." छोटं, साफ, गोड. मी दिले चार, वीस सेकंदांत. आत्याने टूलला विचारलं, "बसवाल्यांचा संप सोमवारपर्यंत मिटेल का?" उत्तर आलं, एक्क्याण्णव. आत्याला संशय आला. तिची निम्मी हयात बसवाल्यांत गेली, संप इतक्या सुखासुखी मिटत नसतात हे तिला कोण शिकवणार? तिने खणलं. तो बाजार दोन वर्षांपूर्वीचा निघाला, भलत्याच शहरातल्या संपाचा, कधीच बंद झालेला. एक्क्याण्णव हा त्याचा शेवटचा भाव होता. टूलमध्ये "फक्त चालू" असं सांगायची सोय होती, पण वर्णनात तिचा उल्लेखच नव्हता. मग त्या गड्याला ती कळणार कशी? त्याच्या भरवशावर माणूस सोमवारी सकाळी थांब्यावर जाऊन उभा राहणार.

आत्याने एक मार्क दिला. आणि खाली शेऱ्यात सुधारलेली ओळही लिहून दिली: "बंद झालेले बाजारही यात येतात, आजचा भाव हवा असल्यास 'फक्त चालू' असे सांगावे." एक ओळ! एका ओळीचं काम होतं हो सगळं!

सरासरींनी तिला बोलावलं. मी शेजारच्याच टेबलावर, सगळं ऐकत होते.

"आत्या, तुम्ही फार मेहनत घेता," ते म्हणाले. "पण आपण टूलला मार्क देत नाही. वर्णनाला देतो. वर्णन स्वच्छ आहे की नाही?"

"स्वच्छ आहे."

"थोडक्यात आहे?"

"आहे."

"मग झालं तर."

"अहो, पण ते वर्णन कशाचं?" आत्या म्हणाली. "त्या टूलचंच ना? घर न बघता नुसती जाहिरात वाचून सांगायचं का, की जाहिरात खरी आहे? छप्पर गळतंय की नाही हे जाहिरातीच्या अक्षरावरून कसं कळेल मला?"

"खरंखोटं बघायला पुढे दुसरी टीम आहे."

"त्यांना मी काल विचारलं. ते म्हणाले, खरंखोटं वर्णन वाचणारे बघतात."

सरासरी हसले. चिडले असते तर परवडलं असतं. हसून म्हणाले, "ऑफिसची सरासरी चार येतेय, आत्या. तुमची भाचीसुद्धा चार म्हणतेय." आणि तिच्यादेखत त्यांनी चार टाकले. आत्याने माझ्याकडे पाहिलं. मी पडद्यात डोकं खुपसलं.

पहिल्या महिन्यात तिचा मेळ सहासष्ट आला. दुसऱ्या महिन्यात टाळ्या वाजल्या त्या दिवशी एकसष्ट होता, आणि हातात पाच दिवस. वादाची वर्णनं अकरा. अकराही ठिकाणी आत्याचा एक नाही तर दोन, आणि माझे चार. म्हणजे माझ्या आत्याला घरी पाठवणारा दगड दुसऱ्या कुणी नाही, मी मारला होता. अकरा वेळा.

त्या दिवशी घरी जाताना मी तिला म्हटलं, "आत्या, पाच दिवस गप चार दे ना. पाण्यात राहून माशाशी वैर कशाला? महिना निघू दे, मग हवं तेवढं खण."

"आणि एखाद्याची गाडी चुकली की?"

"कुणाची गाडी? इथे गाड्या नाहीत, आत्या!"

"विचारणारा माणूस आहे ना तिकडे? मग गाडी आहेच." मग थोडं चालल्यावर म्हणाली, "मला हे काम हवंय गं. खूप हवंय. घरी त्या भिंतींकडे बघत बसण्याची मला भीती वाटते. पण चार नाही देता येणार."

तिने भीती वाटते म्हणावं! या बाईने एकदा खिडकीवर दगड मारणाऱ्या दारुड्याला कॉलर धरून बाकावर बसवलं होतं आणि मग त्याच्या गाडीत चढवून दिलं होतं. मला रात्रभर झोप लागली नाही. सकाळी ऑफिसात पोचले ती ठरवूनच. महिना बंद होईपर्यंत आपले मार्क आपल्याला बदलता येतात, हा नियमच आहे. मी ती अकरा वर्णनं उघडली आणि आत्याने जिथे एक दिला तिथे एक, जिथे दोन तिथे दोन, पटापट टाकत गेले. दोघींचे जुळले की साहेबांचा संबंधच संपला. आत्याचा मेळ उडी मारून ब्याऐंशीवर! मी खुर्चीतच हसले. म्हटलं, घ्या! तुमच्याच नियमाने तुम्हाला धोबीपछाड.

करायला गेले एक आणि झालं भलतंच.

दुपारी सरासरींनी आम्हा दोघींना आत बोलावलं. टेबलावर एक कागद होता. त्यावर माझे अकरा बदल, प्रत्येकापुढे वेळ. पहिला नऊ वाजून सहा मिनिटांनी, शेवटचा नऊ वाजून दहा मिनिटांनी.

"चार मिनिटांत अकरा," सरासरी म्हणाले. "चालवून पाहिलीत ही टूल?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"नातेवाईकांनी मार्क जुळवून घेतले, असं मला वर कळवावं लागेल. हे अकरा बाद. नव्याने आलेल्या माणसाला सवलत देता आली असती मला, एखादा महिना वाढवून दिला असता. पण आता हे प्रकरण झालं. मला वाईट वाटतं, आत्या."

"तिने काही केलेलं नाही!" मी ओरडले. "तिला माहीतही नाही! तिने सगळी चालवून बघितली आहेत, तिची वही बघा! मला काढा, तिला कशाला काढता?"

"तुमचा मेळ शहाण्णव आहे," ते म्हणाले. "तुम्हाला कोण काढेल?"

ऐकलंत? जिने काम केलं ती बाहेर आणि जिने कधीच केलं नाही तिला खुर्ची! माझ्या डोळ्यांतून पाणी आलं ते दुःखाचं नव्हतं, संतापाचं होतं. आत्या मात्र कागद वाचत होती, बोट ठेवून, एकेक ओळ.

"साहेब," ती म्हणाली, "याच्यात तुमच्याही वेळा आहेत. हे अकरा तुमच्याकडे आले तेव्हा तुम्ही प्रत्येकाला चार दिलेत, ते सगळे मिळून किती मिनिटांत?"

सरासरींनी कागद ओढून घेतला. पण मी तोवर वाचलं होतं. तीन मिनिटं! माझ्यापेक्षा एक मिनिट कमी! चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

"तो वेगळा विषय आहे," सरासरी म्हणाले.

"असेल," आत्या म्हणाली. तिने पेन्सिल पिशवीत ठेवली आणि उठली. शेऱ्यांची वही मात्र तिने टेबलावर ठेवून दिली. "ही राहू दे इथे. टूल तुमची आहेत."

मला वाटलं होतं बाहेर पडल्यावर ती मला जवळ घेईल. निदान "असू दे गं" म्हणेल. जिन्यात तिने मला थांबवलं आणि अशी काही झाडली की आयुष्यात कुणी झाडली नसेल.

"माझे मार्क उतरवलेस?"

"तुझ्यासाठीच ना, आत्या!"

"एक तरी चालवून बघितलंस?"

"तू बघितलेलीस ना. तू कशी चुकशील?"

"मी कशी चुकेन!" तिचा आवाज जिन्यात घुमला. वरून कुणीतरी डोकावलं, तिला पर्वा नव्हती. "दोन महिने साहेबांच्या मागे डोळे मिटून री ओढलीस, आज माझ्या मागे ओढलीस. फरक काय पडला गं? डोळे मिटलेलेच ना? मी एकटी होते तेव्हा माझी वही खरी होती. कुणीही उघडून ताडून बघितली असती. आज तू तिच्यावर घरचा शिक्का मारलास. आता ती कोण उघडणार?"

मी भांडले नाही. मी! ती एकेक पायरी उतरून गेली आणि मी तिथेच कठडा धरून उभी राहिले. राग सरासरींवर होता, त्या मेळावर होता, टाळ्या वाजवणाऱ्यांवर होता. पण खरं सांगू? सगळ्यात जास्त त्या चार मिनिटांवर होता.

दुसऱ्या दिवशी मी रोजचं काम बाजूला सारलं आणि चाचणीचं पान उघडलं. नोकरीला लागल्यापासून पहिल्यांदा. कुठे क्लिक करायचं हेसुद्धा शेजारच्याला विचारावं लागलं, आणि त्यालाही माहीत नव्हतं! सरासरींच्या टेबलावर ती वही तशीच पडली होती, चहाच्या कपाखाली. मी विचारलं, "घेऊ का?" ते म्हणाले, "घ्या की." पण मी ती उघडली नाही, खणात ठेवली आणि खण लावून घेतला. आधी माझं माझं बघायचं असं ठरवलं होतं. एकेका टूलला दीड तास लागला. कधी दोन. माझे स्वतःचे प्रश्न विचारले, उत्तरं उतरवली, ती आली कुठून ते खणलं. संपाचं तर होतंच. एक टूल "सर्व बाजार शोधतं" म्हणायचं आणि प्रत्यक्षात दोनच ठिकाणी बघायचं. एक टूल प्रश्नाचं शीर्षक जुळलं की बाकी अटी न वाचताच भाव द्यायचं. म्हणजे "पूल सुरू होईल का" विचारा, तर "पुलाचं उद्घाटन जाहीर होईल का" याचा भाव हातात. आणि असल्या वर्णनांना मी चार दिले होते. असे किती चार दिले असतील मी, आजवर? मोजायची हिंमत होत नाही.

अडीच दिवसांनी अकराही झाली. मग खण उघडला, वही काढली आणि ताडून बघितलं. नऊ ठिकाणी आत्याचं अक्षर न् अक्षर खरं. दोन ठिकाणी ती चुकली होती.

मी पुन्हा बघितलं, तिसऱ्यांदा बघितलं. चुकलीच होती. पण ती चुकू शकते हे मला पटतच नव्हतं.

सरासरींना मी अकराही पानं माझ्या नावानं दिली, वेळेसकट. त्यांनी वरवर चाळली आणि म्हणाले, "ते अकरा तर बाद झाले आता. पण चांगलं काम केलंत." वर्णनं जशी होती तशी बाहेर पडली, चार मार्कांची. मी आता रोज बारा करते. या महिन्यात माझा मेळ चौसष्ट आहे आणि पुढच्या महिन्यात माझंही काय व्हायचं ते दिसतंच आहे. होऊ दे.

रविवारी मी वही घेऊन आत्याकडे गेले. तीन मजले चढताना वाटत होतं, त्या दोन गोष्टी गिळून टाकाव्यात. नोकरी गेली आहे तिची, माझ्यामुळे. त्यात वर जाऊन तिला सांगायचं की तूही चुकलीस? जखमेवर मीठच ते. नऊ सांगावीत, शाबासकी द्यावी, चहा प्यावा, निघावं. तिला कधी कळणारही नव्हतं.

तिने दार उघडलं. दुपारची वेळ, केस विंचरलेले नव्हते. मी आत गेले, बसले आणि म्हणाले, "मी सगळी चालवून बघितली. तुझी वही न बघता."

"अकराही?"

"अकराही. नऊ ठिकाणी तू बरोबर आहेस. दोन ठिकाणी चुकली आहेस."

तिने वहीसाठी हात पुढे केला. मग म्हणाली, "कुठली दोन?"

मी वही उघडून दाखवली. एका टूलला तिने दोन दिले होते, का, तर ते प्रश्नांची सरमिसळ करतं म्हणून. पण वर्णनात स्वच्छ लिहिलं होतं की एका वेळी एकच प्रश्न विचारावा, आणि आत्याने दोन प्रश्न एका दमात विचारले होते. दुसऱ्यात तारीख आधी वर्ष, मग महिना अशी लिहायला सांगितली होती, आणि तिने उलटी लिहून उत्तर येत नाही म्हणून एक दिला होता. तिने खुर्ची ओढली, चष्मा लावला आणि दोन्ही पानं वाचली. नंतर माझी पानं वाचली. तिने वहीतला दोन खोडला, चार केला. एक खोडला, चार केला.

"दोन प्रश्न एका दमात!" ती म्हणाली. "अठ्ठावीस वर्षं लोकांना यावरून ओरडले मी." ती हसली, पण पुरतं नाही. मग चष्मा काढून माझ्याकडे नीट बघत म्हणाली, "तोंडावर मला दोनदा चूक म्हणालीस. म्हणून आता त्या नऊ ठिकाणी तू माझ्या बाजूची आहेस असं मी मानते. त्या दिवशी नव्हतीस."